न्यूकॅसलचा पेला आणि यकृताचा हिशेब

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचा मुलगा पुढील शिक्षणासाठी इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल शहरात गेला आहे. फोनवर तो म्हणाला, "आई, इथे थंडी फार. सगळेच थोडी थोडी घेतात. नाही म्हटले तर माणूस एकटा पडतो." बाईंनी विचारले आहे, "डॉक्टर, थंड देशात दारू खरेच लागते का? तिथले लोक इतके पितात, त्यांना काही होत नाही का? आणि मी मुलाला काय सांगू?"

प्रश्न एका आईचा असला तरी आज तो आपल्या जिल्ह्यातल्या अनेक घरांचा आहे. म्हणून या आठवड्यात न्यूकॅसलचे लोक आपल्या राहण्याविषयी आणि पिण्याविषयी काय म्हणतात ते पाहू, आणि त्यातले शरीराला किती पटते तेही तपासू.

शहर आणि माणसे

टाईन नदीच्या उत्तर काठावर वसलेले हे शहर पूर्वी कोळसा आणि जहाजबांधणी यांवर जगत असे. जिथे जे मुबलक तिथेच ते नेऊन टाकण्याच्या उद्योगाला इंग्रजीत 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' म्हणतात, ते यावरूनच. आता खाणी बंद झाल्या, जहाजांचे कारखानेही गेले. विद्यापीठे, रुग्णालये आणि कचेऱ्या यांवर शहर चालते.

इथल्या लोकांना 'जॉर्डी' म्हणतात आणि त्यांना या नावाचा अभिमान आहे. आपले शहर कसे आहे असे विचारले तर ते सांगतात, माणसे मोकळी आहेत, अनोळखी माणसाशीही बसथांब्यावर बोलतात. लंडनच्या मानाने घरभाडे कमी. मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत समुद्र गाठता येतो. शहराच्या ऐन मध्यावर टाउन मूर नावाचे विस्तीर्ण माळरान आहे आणि जुन्या हक्काने तिथे आजही गाई चरतात. तक्रारीही आहेत. वारा बोचरा, डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि शनिवारच्या रात्री शहराच्या मध्यभागात गोंगाट असतो. त्यातला बराचसा गोंगाट लग्नाआधीची मौज करायला बाहेरगावाहून येणाऱ्या टोळक्यांचा असतो, असे गावकरी थोड्या रागाने सांगतात.

पब म्हणजे आपल्याकडचा गुत्ता नव्हे, हे आधी समजून घ्यावे. तिथे कुटुंबे जेवायला येतात, म्हातारी माणसे वर्तमानपत्र घेऊन बसतात, फुटबॉलचा सामना सगळे मिळून बघतात. आपल्या चावडीचे किंवा पाराचे काम तिथे पब करतो. त्यामुळे पब बंद पडला की लोकांना दुःख होते, आणि ते दुःख केवळ दारूचे नसते.

सवय कुठून आली?

शहरात 'बिग मार्केट' नावाचा जुना बाजाररस्ता आहे. नाव ऐकून मोठा बाजार असे वाटेल, पण 'बिग' ही जवाची एक जात. जवापासून बिअर होते. आज हा रस्ता दारूच्या दुकानांसाठीच प्रसिद्ध आहे, हा योगायोग म्हणायचा.

खाणीत आणि जहाजांच्या कारखान्यांत घाम गाळणारा मजूर संध्याकाळी बिअरने तहान भागवी. त्या काळी पाण्याचाही भरवसा नव्हता. १८५३ च्या कॉलऱ्याच्या साथीत या एका शहरात सुमारे दीड हजार माणसे दगावली. दूषित पाण्यातून कॉलरा पसरतो हे पुढे दाखवून देणारे डॉक्टर जॉन स्नो यांनी उमेदवारी याच शहरात केली होती, आणि १८३१-३२ च्या साथीत जवळच्या खाणीतले रुग्ण तपासले होते. हे स्नो स्वतः दारूला स्पर्श करीत नसत. त्यांनी रोग्याला बिअर पाजून कॉलऱ्यावर उपाय सुचविला नाही, पाणी स्वच्छ करायला सांगितले! आज तिथे नळाचे पाणी थेट पिता येते. तेव्हा 'पाण्यापेक्षा बिअर बरी' हे जुने कारण आता उरलेले नाही.

१९२७ मध्ये बाजारात आलेली 'न्यूकॅसल ब्राउन एल' ही बिअर शहराची खूण बनली. १९९५ ते २००० या काळात तिचे नाव शहराच्या फुटबॉल संघाच्या सदऱ्यावर होते. फुटबॉल मैदानाजवळचा तिचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये ती दूर यॉर्कशायरमध्ये तयार होऊ लागली. बिअर गाव सोडून गेली, अभिमान मात्र गावातच राहिला.

लोक म्हणतात ते किती खरे?

पहिले म्हणणे : "दारूने ऊब येते." ऊब वाटते, येत नाही. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले गरम रक्त कातडीकडे धावते आणि अंग तापल्यासारखे भासते. तीच उष्णता बाहेर निघून जाते आणि शरीराचा गाभा थंड पडतो. थंडीत अंग कापते, ती शरीराची उष्णता निर्माण करण्याची युक्ती असते. दारूने तीही मंदावते. न्यूकॅसलची तरुण मुले भर हिवाळ्यात कोटाशिवाय हिंडतात याचे सगळ्या इंग्लंडला कौतुक आहे. पण पिऊन बाहेर झोपलेल्या माणसाचा त्या थंडीत जीव जाऊ शकतो. थंडीवर उपाय कोट, गरम सूप आणि चहा.

दुसरे म्हणणे : "बिअर म्हणजे काही दारू नव्हे." इथे थोडे गणित करावे लागेल. इंग्लंडमध्ये १० मिलिलिटर, म्हणजे ८ ग्रॅम, शुद्ध मद्यार्काला एक 'युनिट' म्हणतात. पेयाचे मिलिलिटर गुणिले त्यातील मद्यार्काचे शेकडा प्रमाण, भागिले हजार, की युनिट निघतात. तिथला एक पाइंट ५६८ मिलिलिटरचा. ४ टक्क्यांची बिअर असेल तर त्यात सुमारे २.३ युनिट झाले. ब्राउन एलची ५५० मिलिलिटरची बाटली ४.७ टक्क्यांनी सुमारे २.६ युनिट. न्यूकॅसलच्या काही बारमध्ये तीन माप दारू एकाच ग्लासात स्वस्तात देतात. २५ मिलिलिटरची ती तीन मापे ३७.५ टक्क्यांनी २.८ युनिट होतात. म्हणजे एक पाइंट बिअर आणि तो तिहेरी ग्लास यांत फरक फारसा नाही.

आपल्याकडचाही हिशेब याच रीतीने करून पाहा. ८ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ५.२ युनिट, आणि ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची १८० मिलिलिटरची क्वार्टर ७.७ युनिट!

तिसरे म्हणणे : "आम्ही रोज पीत नाही, फक्त शनिवारी." २०१६ पासून तिथल्या सरकारी वैद्यकीय सल्ल्यानुसार स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला १४ युनिटपेक्षा जास्त नियमितपणे घेऊ नये, आणि तेवढी घेणाऱ्याने ती तीन किंवा अधिक दिवसांत विभागावी. १४ युनिट म्हणजे साध्या बिअरचे सहा पाइंट. शनिवारी सहा पाइंट पिणारा माणूस आठवड्याचा सारा कोटा एका रात्रीत संपवतो. यकृत तासाला साधारण एकच युनिट निकालात काढते. त्याला घाई करता येत नाही. गार पाण्याने अंघोळ केली, कडक कॉफी घेतली तरी त्याचा वेग वाढत नाही. संध्याकाळी सातला सुरुवात केली तर शेवटचा थेंब रक्तातून जायला रविवारची सकाळ, साडेआठचा सुमार होतो.

चौथे म्हणणे : "मित्रांत बसायचे तर घ्यावीच लागते." हे समजून घेण्यासारखे आहे. तिथे 'राउंड'ची पद्धत आहे. चौघे बसले तर एक जण चौघांचे पेले आणतो, मग दुसरा, मग तिसरा. आपल्याकडे 'आजचा चहा माझ्याकडून' म्हणतात तसेच. भावना चांगली, पण परिणाम असा की सगळ्यात भराभर पिणाऱ्याच्या चालीने बाकीच्यांना प्यावे लागते, आणि स्वतःची पाळी येण्यापूर्वी उठणे चिक्कूपणाचे वाटते. ब्राउन एल तर जुन्या रीतीने लहान ग्लासात थोडी थोडी ओतून पितात. ग्लास सतत भरलेला, मग किती प्यालो हे मोजणार कसे? पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, सरकारने दुसऱ्याला दारू पाजण्यावर बंदीच घातली होती. या आदरातिथ्याची ताकद सरकारनेही ओळखली होती.

पाचवे म्हणणे : "आमचे आजोबा रोज प्यायचे, ऐंशी वर्षे जगले." जे जगले त्यांची गोष्ट सांगायला नातू असतो. जे पन्नाशीत गेले त्यांच्या गोष्टी पबमध्ये कोणी सांगत नाही. उत्तर-पूर्व इंग्लंड, म्हणजे न्यूकॅसलचा परिसर, दारूमुळे थेट होणाऱ्या मृत्यूंच्या दरात गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये सर्वांत वर राहिला आहे. संपूर्ण ब्रिटनमध्ये असे मृत्यू २०१९ साली ७,५६५ होते, २०२३ साली १०,४७३ झाले. त्यांत यकृताच्या विकारांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

यकृत कसे बिघडते?

आधी यकृतात चरबी साठते. या अवस्थेत काही दुखत नाही, आणि दारू थांबविली तर यकृत बहुधा काही आठवड्यांत सावरते. पुढे यकृताला सूज येते आणि शेवटी ते कडक, गाठाळ होते. कावीळ, जलोदर, रक्ताची उलटी ही त्याची लक्षणे. इथवर आल्यावर पूर्वस्थिती येत नाही. ज्याचे पोट सुटलेले आहे किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याच्या यकृतात चरबी आधीच असू शकते. दारू त्यात भर घालते. याखेरीज रक्तदाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरविले, आणि २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितले की पूर्णपणे निर्धोक असे मद्याचे प्रमाण नाही.

गावातही मतभेद आहेत

सगळे जॉर्डी दारूचे गोडवे गातात असे मुळीच नाही. टाउन मूरवर दर जूनमध्ये 'हॉपिंग्ज' नावाची मोठी जत्रा भरते. तिची सुरुवात १८८२ मध्ये दारूबंदीवाद्यांनी केली होती! त्याच माळाजवळून 'ग्रेट नॉर्थ रन' ही अर्धमॅरेथॉन सुरू होते. १९८१ पासून हजारो माणसे तीत धावत आली आहेत.

दारूच्या किमतीवरून वाद चालतो. सुमारे शंभर किलोमीटरवर सुरू होणाऱ्या स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून दारूला युनिटमागे किमान ५० पेन्स किंमत ठरविली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती ६५ पेन्स केली. वेल्सनेही २०२० मध्ये तसा कायदा लागू केला. इंग्लंडने केलेला नाही. गरिबाचाच पेला का महाग करता, असे काही म्हणतात. दुकानातली स्वस्त दारू घरी नेऊन एकट्याने पिणारे जास्त बिघडतात, तिला आळा घाला, असे इतर म्हणतात. दरम्यान तिथली तरुण पिढी आपल्या आईवडिलांपेक्षा कमी पिते आहे, अजिबात न पिणारेही वाढले आहेत. 'सगळेच घेतात' हे म्हणूनच खरे नाही.

मुलाला काय सांगावे?

भगिनी, "पबमध्ये पाऊल टाकू नकोस" असे सांगू नका. तो परदेशात एकटा आहे, त्याला माणसे हवीत. त्याला एवढे कळवा :

१. पबमध्ये जा, गप्पा मार, जेव. हातात संत्र्याचा रस, सोडा किंवा बिनदारूची बिअर असली तरी कोणी हाकलून देत नाही. इंग्लंडमध्ये पबने मागितल्यास पिण्याचे पाणी फुकट द्यावे असा नियम आहे.

२. न पिणाऱ्याने सुरू करण्याचे वैद्यकीय कारण एकही नाही. थंडीचे तर नाहीच.

३. जो घेतो त्याने राउंडमध्ये सापडू नये. आपला पेला आपण घ्यावा, अर्धा पाइंट मागावा, पोटात अन्न असावे, आणि युनिट मोजावेत.

४. पिऊन पडलेला मित्र हलवूनही जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, अंग गार वा निळसर पडले असेल, फिट येत असेल, तर 'झोपला की उतरेल' म्हणून सोडू नये. त्याला कुशीवर वळवावे, उलटी घशात जाऊ देऊ नये, एकटे ठेवू नये आणि ९९९ क्रमांकावर फोन करावा.

५. जो रोज भरपूर पितो आणि सकाळी ज्याचे हात थरथरतात, त्याने एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. हे तिथल्याप्रमाणे इथेही लागू आहे.

आणि त्याच्यासाठी एक जाड लोकरीचा कोट घ्यायला पैसे पाठवा. न्यूकॅसलच्या थंडीवर त्याहून चांगले औषध माझ्याकडे नाही.