पुढची तारीख आणि मागे हटलेला समुद्र

आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरांचा भुयारी मार्ग 9 ऑक्टोबर 2025 पासून पूर्णपणे वाहता झाल्यावर त्याच्या गारव्याची, खर्चाची आणि श्रेयाची चर्चा इतकी झाली की तिच्यात भर घालण्याचे प्रयोजन उरलेले नाही. परंतु त्या मार्गावर ‘विधान भवन’ या नावाचे जे स्थानक झाले आहे, त्याने ज्या एका उपेक्षित प्रवाशाची सोय केली, त्याच्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढल्याचे ऐकिवात नाही. हा प्रवासी म्हणजे परजिल्ह्यातून मंत्रालयात अर्ज घेऊन किंवा उच्च न्यायालयात तारखेला आलेला एकटा इसम. मुंबईचा खरा एकांडा प्रेक्षक तोच, असे माझे मत आहे. साहेब दौऱ्यावर असतात, दफ्तर दुसऱ्या टेबलावर गेलेले असते, सुनावणी तहकूब होते, आणि मध्यान्हीपूर्वीच मोकळा झालेला हा गृहस्थ रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ कोठे घालवावा या विवंचनेत फूटपाथवर उभा राहतो. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची ही विवंचना 18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून बव्हंशी मिटली. न्याय त्यांच्या दाराशी आला आणि मुंबई अंतरली, या व्यवहारात लाभ अधिक झाला हे मान्य करूनही किंचित हळहळ वाटते.

अशा माणसाला टॅक्सीवाला जी यादी ऐकवतो ती कुटुंबकबिल्यासाठी रचलेली असते. बरोबर मुलेबाळे असली म्हणजे खाण्यापिण्याचा आणि थकव्याचा बंदोबस्त पाहावा लागतो, आणि म्हणून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहनाने उडी मारणे प्राप्त होते. एकट्याला मात्र दोन ठिकाणांच्या मधला मुलूख पाहता येतो, वाटल्यास एकाच इमारतीसमोर अर्धा तास घालवता येतो, आणि इराण्याच्या हॉटेलात अनोळखी माणसाच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसून चहाही घेता येतो. भुयारी गाडी त्याला मुक्कामी लवकर पोहोचवील, पण वाटेत तिला दाखविण्यासारखे काही नसते. बेस्टची डिझेलवर चालणारी जुनी दुमजली बस 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त झाली. तिच्या वरच्या मजल्यावरील पुढचे आसन मिळाले असता झाडांच्या फांद्या आणि इमारतींच्या दुसऱ्या मजल्यावरचे कोरीव काम ज्या सलगीने दिसे, ती सलगी नव्या वातानुकूलित दुमजली गाडीच्या बंद काचेआडून साधत नाही. तेव्हा आता पायांचाच आधार.

आणि पायी हिंडायचे तर समुद्रकिनाऱ्याने हिंडावे. मात्र आजच्या नव्हे, पूर्वीच्या. मंत्रालयाची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती बॅक बेमधील भरावाची. चर्चगेट स्थानकातून उतरून मरीन ड्राइव्हकडे निघालेला माणूस पूर्वीच्या पाण्यावरूनच चालत असतो, कारण एके काळी पश्चिमेच्या लाटा आगगाडीच्या रुळांच्या लगत येऊन ठेपत. हे ध्यानात ठेवून ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहावे. पूर्वेस उच्च न्यायालय आणि विद्यापीठ, दोन्ही गॉथिक घाटाची. पश्चिमेस 1930 च्या दशकात भरावावर उठलेली, गोलसर सज्जांची आणि आडव्या रेषांची आर्ट डेको घरे. आणि दोहोंच्या मध्ये क्रिकेट. जून 2018 मध्ये युनेस्कोने ज्या 94 इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाची सनद बहाल केली, त्याचे सार या एका जागी कोणतेही तिकीट न काढता पाहावयास मिळते.

त्यातील राजाबाई मनोऱ्याची कथा तर भरावाशी फारच विलक्षण रीतीने निगडित आहे. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने या मनोऱ्यासाठी देणगी दिली ती अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला असताना. त्याच पैशाच्या पुरात बॅक बे बुजविण्यासाठी कंपनी निघाली, तिच्या भागांचे भाव गगनाला भिडले, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळून खुद्द प्रेमचंदांसह अनेकांचे दिवाळे वाजले. मनोरा 1878 मध्ये पुरा झाला तेव्हा त्याच्या पश्चिमेला समुद्र होता तेथेच होता. तो हटला पुढच्या शतकात, लॉइडसाहेबांच्या कारकीर्दीत सुरू झालेल्या योजनेने. आणि त्या योजनेतील गैरकारभार चव्हाट्यावर आणणारे खुरशेद नरिमन यांचेच नाव पुढे भरावाच्या टोकाला लाभले.

या भटकंतीसाठी वाटाड्या हवा असेल तर गोविंद नारायण माडगावकरांहून चांगला मला माहीत नाही. मडगावात 1815 मध्ये जन्मलेला आणि बालपणीच मुंबईस आलेला हा शिक्षक ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ 1863 मध्ये प्रसिद्ध करतो, म्हणजे नेमका फ्रियरसाहेबांच्या अमलात कोटाची तटबंदी पाडली जात असताना. उच्च न्यायालय, राजाबाई मनोरा, व्हिक्टोरिया टर्मिनस, गेटवे यांपैकी काहीच तेव्हा नव्हते. आजच्या यादीतील टाउन हॉल तेवढा 1833 पासून आपल्या रुंद पायऱ्यांनिशी उभा होता. तरीही पाहण्यासारख्या गोष्टींचा तुटवडा त्यांना कोठेच जाणवत नाही. देवळे, बाजार, जाती, धंदे, आगगाडी, गिरण्या यांची ते कारकुनी चोखपणाने नोंद करतात आणि ही चोखाळी कंटाळवाणी होऊ देत नाहीत. ज्या वर्षी भागबाजार बुडाला त्याच 1865 मध्ये ते निवर्तले. पर्यटन खात्याने रंगीत पत्रके छापण्याऐवजी या ग्रंथाची खिशात मावेल अशी आवृत्ती विधान भवन स्थानकात विक्रीस ठेवावी, ही माझी सूचना कोणी तरी फाइलीवर घ्यावी. तिच्या पाठपुराव्यासाठी मी हेलपाटे घालण्यास तयार आहे.

राहता राहिली घारापुरी. गेटवेपासून लाँचने सुमारे तासभर जाणे, तेवढेच येणे, वर पायऱ्यांची चढण. त्यामुळे अर्ध्या दिवसात ती उरकण्याच्या फंदात पडू नये. त्रिमूर्तीसमोर उभे राहून घड्याळ पाहणे हा त्या शिल्पकारांचा उपमर्द होईल. पुढच्या तारखेस एक दिवस अगोदर यावे, सकाळची पहिली लाँच धरावी. मात्र लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा तारीख मंगळवारची पडल्यास वकिलास सांगून ती बुधवारवर नेता येते का, हे पाहावे. पुढे ढकलण्याची विनंती आपल्या न्यायालयांना अपरिचित नाही.