भट्टीतील टाकाऊ खडे

घराचे बांधकाम म्हटले की आज सिमेंटचे नाव प्रथम तोंडी येते. परंतु त्या करड्या भुकटीची जन्मकथा फार थोड्यांस ठाऊक असते. इंग्लंडातील लीड्स येथील जोसेफ ॲस्प्डिन नावाच्या गवंड्याने इ. स. १८२४ मध्ये तिचे पेटंट घेतले. पोर्टलंडच्या प्रसिद्ध दगडाशी साम्य दाखविण्यासाठी त्याने तिला 'पोर्टलंड सिमेंट' म्हटले. मात्र त्याचे ते सिमेंट आजच्या मानाने दुबळेच होते.

पुढे त्याचा मुलगा विल्यम याने लंडनजवळ काढलेल्या कारखान्यातील माल सरस निघू लागला. कृती कोणास कळू नये म्हणून तो भट्टी भरताना स्वतः हजर राही आणि मोरचुदासारख्या पदार्थांची पूड मुठीमुठीने आत टाकी. हा सारा देखावा! प्रतिस्पर्धी कारखान्याचा व्यवस्थापक आयझॅक जॉन्सन याने त्या मालाचे रासायनिक पृथक्करण करविले. रसायनतज्ज्ञाने त्यात हाडांतील चुन्याचा अंश आहे असे सांगताच जॉन्सनने हाडे जमवून जाळली. निष्पन्न काय झाले, तर शेजाऱ्यांस दुर्गंधीचा त्रास!

मग त्याने खडूचा दगड व नदीकाठची चिकणमाती निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून भाजण्यास आरंभ केला. एकदा आच अतोनात झाली व काही भाग अर्धवट वितळून त्याचे काळपट खडे बनले. असे खडे टाकाऊ समजले जात. जॉन्सनने मात्र ते दळून पाहिले. ती भुकटी सावकाश आळली, पण शेवटी नेहमीच्या सिमेंटहून कितीतरी कठीण झाली. ही गोष्ट १८४५ च्या सुमाराची. विल्यमला हे मर्म आधीच उमगले असावे. तरी चिकाटीने प्रयोग करून ते शोधण्याचे श्रेय जॉन्सनला द्यावेच लागेल.

सुमारे १४५० अंश सेल्सिअस उष्णतेत चुना व मातीतील सिलिका यांचा संयोग होऊन जे संयुग बनते, तेच सिमेंटचे बळ होय. कमी आचेत ते बनतच नाही. आणखी एक गैरसमज येथे दूर करावासा वाटतो: सिमेंट वाळून घट्ट होत नाही, तर पाण्याशी संयोग पावून होते. म्हणूनच गवंडी नव्या भिंतीवर कित्येक दिवस पाणी मारतो. दळताना त्यात थोडे जिप्समही घालतात. एरवी ते थापीखालीच आळून जाईल.

जॉन्सन वयाची शंभरी ओलांडून १९११ मध्ये वारला. तीनच वर्षांनी, १९१४ मध्ये, पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले.