हेलियम सापडला कुठे?

विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना सांगतात, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथूनच हेलियम शोधला. किल्ल्यावर त्या तारखेला हेलियम दिनही साजरा होतो. गोष्ट झकास, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता! ग्रहण पाहिलं फ्रान्सच्या पिएर जान्सेनने, आंध्रातल्या गुंटूरहून. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या तेजस्वी रेषा बघून त्याला सुचलं, या तर ग्रहणाशिवायही दिसतील. दुसऱ्या दिवशी त्याने त्या भर उन्हात पाहिल्याही. लॉकियरने हेच २० ऑक्टोबरला घरबसल्या साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली.

त्या तेजस्वी रेषांतली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेजवळची, पण तिच्याशी न जुळणारी. लॉकियरने ती नव्या मूलद्रव्याची मानली आणि ‘हेलिओस’ म्हणजे सूर्यावरून नाव दिलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झीला, युरेनियमच्या एका खनिजातून.

मग विजयदुर्गाचं काय? लॉकियर तिथे खरोखर आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ओटे बहुधा त्या वेळचे.