मर्यादेला फुटलेली उंची : वॅगन आर या गाडीची गोष्ट



मागच्या व्याख्यानात आपण द्रव्य आणि आकार यांबद्दल बोललो. ते संपल्यावर एका तरुण श्रोत्याने आम्हाला जिन्यात गाठलं आणि म्हणाला, "सर, ॲरिस्टॉटल समजला, पण रोजच्या पाहण्यातलं एखादं उदाहरण द्या ना." आम्ही त्याला उत्तर दिलं नाही. खाली ठाकूरद्वारच्या नाक्यावर आलो आणि टॅक्सीला हात केला. समोर येऊन थांबली ती उंच, सरळ पाठीची, डब्यासारखी गाडी. वॅगन आर. उदाहरण मिळालं.

आजचा आमचा प्रश्न असा : वस्तूला आकार कोण देतं? कारागिराची कल्पना, वापरणाऱ्याची गरज, की त्या दोघांवर बाहेरून घातलेलं बंधन?

सुरुवात जपानपासून करू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पैसा कमी होता आणि रस्ते अरुंद होते. १९४९ साली तिथल्या सरकारने 'केई', म्हणजे हलक्या वाहनांचा एक वेगळा वर्ग केला. अमुक लांबी, अमुक रुंदी आणि अमुक क्षमतेचं इंजिन यांच्या आत राहाल, तर कर कमी, असा तो व्यवहार. इंजिनाची मर्यादा १९७६ साली ३६० सीसीवरून ५५० झाली आणि १९९० साली ६६०. लांबी तेव्हा ३.३ मीटर आणि रुंदी १.४ मीटर. उंचीला मात्र २ मीटरपर्यंत मोकळीक होती. नियमाच्या चार भिंतींत छताकडची बाजूच तेवढी रिकामी राहिली होती.

गिरगावकरांना हे समजावून सांगायला नको. चाळीतली दहा बाय बाराची खोली. घरात सून येते, नातवंडं येतात, पण भिंत काही सरकत नाही. मग माणूस वर बघतो आणि पोटमाळा घालतो. जमीन मोजून दिलेली असली, तरी हवा मोजून दिलेली नसते. सुझुकी कंपनीने १९९३ साली हाच पोटमाळा गाडीत घातला.

ही कंपनी मूळची मोटारींची नव्हे. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हामामात्सू गावी हातमाग बनवायला सुरुवात केली. आपल्या गिरणगावात मागांचा खडखडाट चालू होता, त्याच काळात तिकडे माग घडत होते. तर, या कंपनीच्या अभियंत्यांनी हाताशी असलेल्या छोट्या गाड्यांचेच बरेचसे सुटे भाग घेतले आणि त्यांवर उंच शरीर चढवलं. तेव्हाच्या आल्टोपेक्षा ही गाडी वीस सेंटिमीटरहून अधिक उंच होती. पहिल्या गाडीची एक गंमत सांगतो. तिला चालकाच्या बाजूला एकच दार होतं आणि पदपथाच्या बाजूला दोन. मागे बसलेल्या माणसाने वाहत्या रस्त्यावर उतरूच नये, असा तो हिशेब.

आता उंची वाढवल्याने लांबीत जागा कशी मिळते? घरी जाऊन करून बघा. जमिनीवर पाय पसरून बसा आणि पावलांपासून पाठीपर्यंतचं अंतर मोजा. मग खुर्चीवर ताठ बसा आणि पुन्हा मोजा. खुर्चीवर पाय खाली जातात, म्हणून पुढची जागा कमी लागते. बैठ्या गाडीत माणूस अर्धा पसरलेला असतो, उंच गाडीत तो खुर्चीवर बसतो. प्रत्येक रांगेत थोडी लांबी वाचते, आणि तीच गुडघ्यांना मिळते. गाडी तेवढीच, फक्त आत माणसाने बसायची रीत बदलली.

पुढच्या पिढ्या बघा. १९९८ साली नियम सैल झाला. लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर झाली, आणि त्याच साली दुसरी पिढी आली. त्यानंतर २००३, २००८, २०१२ आणि २०१७ साली नव्या पिढ्या आल्या. या साऱ्या काळात बाहेरची लांबी वाढवणं शक्यच नव्हतं. मग काय वाढलं? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. ते २००३ च्या गाडीत २,३६० मिलिमीटर होतं. २००८ साली २,४०० झालं, २०१२ साली २,४२५ आणि २०१७ साली २,४६०. म्हणजे भिंत जागच्या जागी राहिली आणि आतून दहा सेंटिमीटर मिळवले. चाकं कोपऱ्यांकडे ढकलली, इंजिनाची खोली आखडती घेतली. हे काम दिसत नाही, पण बसल्यावर कळतं.

आता ही गाडी आपल्याकडे येते. उंच गाडीची ओळख भारताला १९९८ साली ह्युंदाईच्या सँट्रोने करून दिली होती. १९९९ च्या अखेरीस मारुतीने वॅगन आर आणली. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. गाडी म्हणजे लांब नाकाची, खाली बसलेली, हे डोळ्यांत ठसलेलं होतं. पण एक फरक लक्षात घ्या. भारतीय वॅगन आरचं इंजिन १,०६१ सीसीचं होतं, जपानच्या ६६० च्या मर्यादेबाहेरचं. आपल्याकडे केईचा नियमच नाही. नियम आला तो २००६ च्या अर्थसंकल्पात : लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत असेल, तर उत्पादन शुल्क कमी. रुंदीवर बंधन नाही.

परिणाम काय झाला? २०१० च्या भारतीय गाडीची उंची सुमारे १.७ मीटर होती आणि अंगाची रुंदी दीड मीटरच्या आत. २०१९ साली तिसरी पिढी आली, तेव्हा रुंदी १,६२० मिलिमीटर झाली आणि उंची १,६७५, म्हणजे किंचित उतरलीच. जपानमधली बहीण १.४८ मीटरच्या आतच राहिली, इकडची अंगाने भरली. नाव एक, कुळ एक, पण कायदा वेगळा म्हणून देह वेगळा. आमच्या मते आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. बंधन काढलं की वस्तू आपला आकारही हळूहळू सोडते.

आता आपल्या नाक्यावर परत येऊ. मुंबईची टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, ही समजूत आमच्या पिढीच्या हाडात आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी, स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढे अखंड बाक. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळे हळहळले. आम्हीही हळहळलो. पण त्याच आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्या वॅगन आरच्या सीटवर टेकल्या, पाय आत घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही करा हळहळ, मला इथे वाकावं लागत नाही."

यावर आमच्याकडे तत्त्वज्ञान नव्हतं. बैठ्या गाडीत आपण उतरतो आणि तिच्यातून चढून बाहेर येतो. या गाडीत सीट साधारण कमरेच्या उंचीला येते, म्हणून माणूस नुसता सरकतो. १९९३ साली जपानच्या कर-नियमातून निघालेली उंची गिरगावातल्या सत्तरीच्या गुडघ्यांना उपयोगी पडली. हे कोणी योजलेलं नव्हतं. वस्तूचा हेतू तिच्या जन्मानंतरही सापडत जातो. पोटमाळ्याचंच पुन्हा बघा : सीएनजीची टाकी डिकीत बसली, तेव्हा प्रवाशांच्या बॅगा टॅक्सीच्या टपावरच्या कॅरिअरवर गेल्या. मुंबईकर पुन्हा वरच गेला.

पण मित्रहो, इथे थांबलो तर आम्ही तुमची फसवणूक केली असं होईल. मर्यादेचं कौतुक करताना एक विचारलं पाहिजे : नियम काय मोजतो आणि काय मोजत नाही? लांबी मोजली, इंजिन मोजलं. आतल्या माणसाची छाती आणि मान किती काळ मोजलीच नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाने भारतीय वॅगन आर धडकवून पाहिली. २०१९ साली प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी २ तारे मिळाले. २०२३ साली, कसोटी अधिक कडक झाल्यावर, १ तारा. मुलांच्या सुरक्षेला शून्य. दोन्ही वेळा गाडीचा सांगाडा अस्थिर ठरला. कंपनी कायदा मोडत होती असं नव्हे. भारतीय कायद्याची समोरून धडकेची चाचणी ताशी ५६ किलोमीटरची आहे. कायद्याने जेवढं मागितलं, तेवढं मिळालं.

मग उत्तराचा उरलेला अर्धा भाग असा. मर्यादा आकार देते, पण कोणती मर्यादा घालायची हे माणसं ठरवतात. जपानने जमीन मोजली, म्हणून उंची मिळाली. आपण लांबी आणि इंजिन मोजलं, म्हणून चार मीटरच्या आतल्या गाड्यांची रांग लागली. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही तारे देणारी योजना लागू झाली आहे, म्हणजे आता जीवही मोजायला लागलो. उशिरा, पण लागलो. जे समाज मोजतो, तेच कारखान्यात घडतं.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचं उत्तर : उद्या टॅक्सीत बसशील, तेव्हा डोक्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघ. तो आकार आहे, आणि तो एका बंधनातून आला आहे. मग पट्टा लाव. मागे बसला असशील, तरीही लाव.