आभा क्रमांक हरवलाय? नवा काढण्याआधी जुना शोधा

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्याच्या खिडकीवर हल्ली एक प्रश्न हमखास कानावर पडतो, ‘आभा नंबर आहे का?’ रुग्ण पाकीट चाचपतो. आधार निघते, पॅन निघते, कधी आयुष्मान कार्डही निघते. आभा मात्र सापडत नाही. गंमत म्हणजे अशा रांगेतल्या अनेकांचा आभा क्रमांक आधीच तयार असतो, फक्त त्यांना तो ठाऊक नसतो किंवा आठवत नसतो. त्यामुळे ‘जाऊ दे, नवा काढू’ म्हणण्याआधी जुना शोधणे शहाणपणाचे.

आभा म्हणजे ‘आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट’. २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले. त्यातली नागरिकाची ओळख म्हणजे हा १४ अंकी क्रमांक. सुरुवातीला त्याला ‘हेल्थ आयडी’ म्हणत. २०२१मध्ये कोविडची लस घेताना आधार दाखवलेल्या अनेकांचा हा क्रमांक त्याच वेळी तयार झाला. लस घेतली, प्रमाणपत्र मोबाइलवर आले, आणि त्यावर छापलेल्या या आकड्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड एकच, असे पुष्कळांना वाटते. आयुष्मान कार्ड हे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण ते देते. आभा मात्र विमा नाही. त्यातून बिल भरले जात नाही. एखाद्या रुग्णाचे वेगवेगळ्या ठिकाणचे कागद हे एकाच माणसाचे आहेत, हे ओळखण्याची ती खूण आहे.

क्रमांक हरवला म्हणजे रिपोर्ट हरवले का?

नाही. रक्ततपासणीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी हे सगळे ज्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये तयार झाले, त्यांच्याच संगणकात राहते. दिल्लीतल्या एखाद्या कोठारात सगळ्या देशाचे रिपोर्ट साठवलेत, अशी ही रचना नाही. आभा फक्त त्यांना जोडणारा धागा आहे. दुसऱ्या डॉक्टरांना ते पाहायचे असतील तर रुग्णाच्या मोबाइलवर परवानगीची विनंती येते. कोण मागत आहे, कोणते कागद, किती काळासाठी, हे त्यात दिसते. परवानगी नाकारता येते, दिलेली मागेही घेता येते.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. क्रमांक सापडला म्हणजे दहा वर्षांचे सारे रिपोर्ट आपोआप समोर येतील, असे नाही. जे रुग्णालय किंवा लॅब या व्यवस्थेला जोडलेली आहे आणि जिथे तुमची नोंद आभाशी जोडली गेली, तिथलेच कागद दिसतील. गल्लीतल्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी अजून फाइलमध्येच जपायची आहे.

शोधायचा कुठे?

सुरुवात घरातूनच करावी. कोविड लसीचे प्रमाणपत्र काढून पाहा. त्यावर ‘युनिक हेल्थ आयडी’ या नावापुढे १४ अंक असतील, तर तोच आभा क्रमांक. त्याच कागदावर लाभार्थी क्रमांक म्हणून आणखी एक लांबलचक आकडा असतो. तो आभा नव्हे. त्यानंतर अलीकडचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि मोबाइलमधले जुने एसएमएस पाहावेत. आरोग्य सेतू किंवा डिजिलॉकरमधून आभा काढला असेल, तर तिथेही तो मिळू शकतो.

एवढे करून सापडला नाही, तर आभाच्या सरकारी संकेतस्थळावर जावे. पत्ता आहे आभा डॉट एबीडीएम डॉट जीओव्ही डॉट इन. तिथे क्रमांक माहीत नसला तरी आधार क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक देऊन, आलेला ओटीपी भरून आपले खाते उघडता येते. एकाच मोबाइलवर घरातल्या अनेकांचे आभा जोडलेले असतील तर त्यांची यादी समोर येते. त्यातून आपले नाव निवडायचे. हे स्वतःला जमत नसेल तर रुग्णालयातल्या नोंदणी खिडकीवर मदत मागावी, किंवा १८००-११-४४७७ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा.

खरी अडचण येते ती मोबाइलची. आभा शिबिरात काढला असेल, तर त्या वेळी कोणाचा मोबाइल नोंदवला होता, हे आठवून पाहा. तो मुलाचा असू शकतो, शेजाऱ्याचा असू शकतो किंवा आता बंद पडलेल्या जुन्या सिमचा. बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या नावाचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाण्याची शक्यता राहते. आधारला जोडलेला मोबाइल चालू असेल तर त्यावरच्या ओटीपीने आभामधला मोबाइल बदलता येतो. तोही बंद असेल, तर आधी आधारचा मोबाइल बदलून घ्यावा लागतो. सिम बंद करण्याआधी बँकेबरोबर आभाचाही विचार करावा, तो यासाठीच.

नाव, वय आणि एक जूनचा वाढदिवस

कधीकधी आभा सापडतो, पण रुग्णालयातले जुने रिपोर्ट त्याला जोडले जात नाहीत. याचे कारण नोंदी जुळवण्याच्या पद्धतीत आहे. आभामधले नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल हे रुग्णालयाच्या नोंदीशी पडताळून पाहिले जातात. आपल्याकडे नेमकी इथेच गडबड होते. आधारवर सासरचे आडनाव, जुन्या केसपेपरवर माहेरचे. एका ठिकाणी वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, दुसरीकडे नुसते ‘बाळासाहेब’. शाळेत गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख टाकून दिलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे; केसपेपर काढताना मात्र वय अंदाजाने सांगितले जाते. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसे ठरतात. केसपेपर काढताना नाव आणि जन्मवर्ष आधारवर आहे तसेच सांगावे, आणि चालू मोबाइल द्यावा. एवढ्याने पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

नवा काढला तर काय बिघडते? आधार वापरून पुन्हा अर्ज केला तर बहुधा जुनाच क्रमांक परत समोर येतो, म्हणजे नुकसान नाही. पण मोबाइलवरून ॲपमध्ये नवे खाते उघडले की नवा ‘आभा पत्ता’ तयार होतो. ईमेलसारखा दिसणारा हा पत्ता १४ अंकी क्रमांकाहून वेगळा असतो, आणि एका माणसाचे असे एकाहून अधिक पत्ते असू शकतात. मग मधुमेहाचे तीन वर्षांचे रिपोर्ट एका पत्त्याला जोडलेले आणि नव्या डॉक्टरांची औषधे दुसऱ्याला, अशी विभागणी होते. साखर कशी चढत गेली, मूत्रपिंडावर परिणाम कधी दिसू लागला, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते, हे सलग पाहायला मिळाले तरच डॉक्टरांना त्याचा उपयोग. अर्धवट चित्रावरून उपचार ठरले, तर तपासण्या पुन्हा होतात आणि न सोसणारे औषध पुन्हा दिले जाण्याचा धोका राहतो.

क्रमांक विसरणे हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत प्रत्येक रुग्णाला १० अंकी क्रमांक असतो. त्यातला शेवटचा अंक आधीच्या नऊ अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे लिहिताना झालेली चूक पटकन लक्षात येते. तरीही लोक तो विसरतात. तो शोधून देणारी ऑनलाइन सोय तिथे आहे, आणि क्रमांक आठवत नाही म्हणून उपचार थांबत नाहीत.

हेच आपल्याकडेही ध्यानात ठेवावे. आभा ऐच्छिक आहे. छातीत दुखत असताना किंवा अपघातानंतर क्रमांक शोधत बसू नये; आधी १०८ला फोन करावा, रुग्णालय गाठावे.

सापडलेला क्रमांक मोबाइलमध्ये जपून ठेवावाच, पण रिपोर्टच्या फाइलच्या पहिल्या पानावर हातानेही लिहावा. शेजारी जोडलेला मोबाइल, आभा पत्ता, रक्तगट आणि न सोसणाऱ्या औषधांची नावे लिहावीत. घरातल्या आणखी एका माणसाला ती फाइल कुठे असते हे माहीत असावे. क्रमांक रुग्णालयात सांगायला हरकत नाही. ओटीपी मात्र, फोनवरचा माणूस स्वतःला कुणीही म्हणवत असो, सांगू नये.