नकाशात नसलेला समुद्र



आपल्या वर्गातला नकाशा सर्वांनी पाहिला आहे. जमिनीवर डोंगर, नद्या, गावे यांची गर्दी, आणि समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. गेल्या पालकसभेला आमचे आजोबा आले होते. त्यांचा सगळा जन्म होडीवर गेला. नकाशापुढे उभे राहून ते म्हणाले, "ह्यात आमची खडपां खंय आसत?" मी काय सांगणार! खडपे त्यात नव्हतीच. तेव्हा गुरुजींनी बार्बुडा बेटाची हकीकत सांगितली. ती मी इथे लिहीत आहे.

क्रिकेटपटू व्हिव्हियन रिचर्ड्स ज्या अँटिग्वा बेटाचे, त्याच देशाचे बार्बुडा हे दुसरे बेट. ते कॅरिबियन समुद्रात आहे. वस्ती दोन हजारांच्या आतली. तिथले बरेच लोक मासे आणि शेवंड पकडून पोट भरतात. पण मासळी कमी होऊ लागली आणि प्रवाळावर शेवाळ माजले. शेवाळ वाढले की प्रवाळ मरते, आणि प्रवाळ मेले की माशांचे घरच जाते. हे शेवाळ पोपटमासा खातो. माणसांनी पोपटमासाच खाऊन टाकला तर साफसफाई कोण करणार? (मांजर गेली की घरात उंदीर माजतात, तसेच हे.)

बेटाचा कारभार बार्बुडा कौन्सिल पाहते. आपल्या जिल्हा परिषदेसारखी निवडून दिलेली माणसे त्यात असतात. कौन्सिलने वेट इन्स्टिट्यूट या संस्थेबरोबर काम सुरू केले. आयाना जॉन्सन या समुद्रशास्त्रज्ञ बाईंनी ते चालवले. शास्त्रज्ञांनी पाण्यात उतरून मासे आणि प्रवाळ तपासले. पण कोणती जागा मासेमारांना किती मोलाची आहे, हे बुडी मारून कळत नाही. ते माणसांनाच विचारावे लागते. म्हणून मासेमारांना विचारले, तुम्ही कुठे जाता, कोणती जागा महत्त्वाची? सर्वांची उत्तरे एकत्र करून संगणकावर नकाशा तयार झाला. कुठे मासेमारी थांबवली तर माशांचा फायदा होईल आणि माणसांचे नुकसान कमी होईल, हे त्यावरून ताडता आले.

ऑगस्ट २०१४ मध्ये कौन्सिलने नियम केले. किनाऱ्याजवळच्या समुद्राचा सुमारे एक तृतीयांश भाग, म्हणजे १३२ चौ. कि.मी., पाच राखीव क्षेत्रांत गेला. पोपटमासा पकडायला पूर्ण बंदी झाली. शेवाळ खाणारा एक काटेरी, चेंडूसारखा समुद्रप्राणी असतो, त्यालाही धरायचे नाही.

हे मी आजोबांना वाचून दाखवले. ते हसले. "आपली जागा कोण सांगता रे?" म्हणाले. खरेच आहे. आज जागा सांगितली तर उद्या तिथे दहा होड्या येतात. शिवाय आपण दाखवलेली जागाच बंद झाली तर? एक तृतीयांश म्हणजे काही थोडेथोडके नव्हे. ज्याची नेहमीची जागा त्यात गेली, त्याला लांब जावे लागणार, तेल जास्त जळणार. म्हणून उत्तरे एकत्र करणे मला बरे वाटते, कोणा एकाची जागा त्यात वेगळी दिसत नाही. पण विचारल्याशिवाय रेघ ओढली असती तर जास्तच चुकली असती.

६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा नावाचे मोठे वादळ बार्बुडावर आले. बहुतेक घरे मोडली आणि सगळ्या माणसांना अँटिग्वाला न्यावे लागले. बेट अगदी ओस पडले. माणसे अशी पांगली की फक्त डोक्यात असलेली माहितीही पांगते. आमच्या आजोबांनी तर काहीच लिहून ठेवलेले नाही.

परवा रात्री मी वहीच्या मधल्या पानावर आपला किनारा काढला आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन खडपे दाखवली, नावेही सांगितली. तिसऱ्याच्या वेळी पेन्सिल मला परत दिली आणि म्हणाले, "ह्या मागसून सांगतंय."

— इयत्ता ७ वी