सिंधुदुर्ग देश असता तर?

देशाची चालू खात्यातली तूट जीडीपीच्या अमुक टक्के, ही बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. या खात्यात बाहेरच्यांशी झालेली माल आणि सेवांची खरेदी-विक्री येते, व्याज-नफा येतो आणि परगावी राबणाऱ्यांनी घरी धाडलेला पैसाही येतो. जिल्ह्याचं असं खातं कुणी लिहीत नाही. पण सिंधुदुर्ग देश आहे असं घटकाभर धरू या.

मालवणच्या बाजारात भाजी बेळगाव-कोल्हापूरकडून घाट उतरून येते. सिमेंट, पेट्रोल, औषधं, सगळं बाहेरचं. दुखणं बळावलं की रुग्णाला गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात हलवतात. तीही आयातच, सेवेची. निर्यातीत हापूस, काजू, मासळी. शिवाय तारकर्लीत खोली घेणारा पुणेकर: तो येतो इथे, पण हिशेबात ती निर्यात. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यापासून सारी भिस्त त्याच्यावर.

एवढ्याने ताळेबंद कधी जुळला नाही. तो जुळवला मुंबईला गेलेल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीने. म्हणूनच जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा इथल्या चुलींनाही त्याची झळ बसली. नेपाळचं आजही असंच आहे. परदेशातून येणारा पैसा तिथल्या जीडीपीच्या साधारण पाव हिस्सा भरतो. देवगडच्या आंबाबागांत राखणीला असलेला नेपाळी गडी घरी पैसे पाठवतो, तेव्हा ते आपल्या या कल्पित खात्यातून वजा होऊन नेपाळच्या खात्यात जमा होतात.

अर्थव्यवस्था लहान असली की एकच धक्का टक्केवारीत मोठा दिसतो. पण नुसत्या टक्केवारीवर सगळं ठरत नाही. भारताची तूट १९९०-९१ मध्ये जीडीपीच्या तीन टक्क्यांच्या आसपास होती, तरी परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि सोनं गहाण पडलं. २०१२-१३ मध्ये तूट ४.८ टक्क्यांवर गेली. रुपया गडगडला, पण सोनं काही हलवावं लागलं नाही. टक्क्यापेक्षा तूट कोण भरतो आणि किती दिवस भरणार, हे महत्त्वाचं.

देशाचं चलन घसरलं की आयात महागते आणि तूट आवरते. सिंधुदुर्गाचा रुपया मात्र मुंबईचाच. तो वेगळा घसरत नाही. मग घसरते ती माणसांची संख्या. २००१ मध्ये जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, कारण पुरुष मुंबईला. ही तूट कुठल्याच बँकेच्या तक्त्यात येत नाही, आणि माझ्या मते खरी तूट हीच.

पर्यटनाने निदान खात्यातली तूट भरेल का? मालदीवकडे पाहा. पर्यटकांची रीघ असूनही तिथली तूट मोठी, कारण पाहुण्याच्या ताटातलं बहुतेक सारं जहाजाने येतं. तेव्हा किती पर्यटक आले हे सांगणाऱ्या पुढाऱ्याला एवढंच विचारा: त्यांच्या ताटातला तांदूळ आणि भाजी कुठली होती?